पेरियारच्या धरणाची नाडीपरीक्षा

दगडी धरणांच्या इतिहासात इ. स. १८९५ हे वर्ष दोन घटनांमुळे लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी एप्रिलच्या २७ तारखेस फ्रान्समध्ये, एपिनाल या गावाजवळचे बूझे येथील धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते, पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, त्रावणकोरच्या घनदाट अरण्यात बांधलेल्या पेरियार नदीवरील धरणाचे उद्‌घाटन झाले. एक धरण गेले, दुसरे उभे राहिले. दोन्ही धरणे एकाच शास्त्राच्या आधारे बांधलेली होती. आणि पहिले ज्या कारणाने गेले, ते कारण दुसऱ्याच्या हिशेबात कोणी धरलेलेच नव्हते. पुढे शंभराहून अधिक वर्षे या दुसऱ्या धरणाची जी वारंवार तपासणी होत आली, तिचे बीज या योगायोगात आहे.

पेरियार ही पश्चिमवाहिनी नदी. घाटमाथ्यावर उगम पावून ती केरळातून वाहत जाते आणि अरबी समुद्रास मिळते. घाटाच्या पूर्वेस मदुरा आणि रामनाड यांचा कोरडा मुलूख. तेथील वैगई नदी वर्षाचा मोठा भाग वाळूच दाखवीत पडलेली. डोंगराच्या एका अंगास अमाप पाणी समुद्राकडे चालले आहे आणि दुसऱ्या अंगास शेते करपत आहेत, हे तेथे जाणाऱ्या कोणासही दिसण्यासारखे होते. रामनाड संस्थानच्या एका प्रधानाने अठराव्या शतकाच्या अखेरीसच नदी पूर्वेकडे वळविण्याचा विचार केला होता. १८०८ मध्ये कॅप्टन कॉल्डवेल यांनी पाहणी करून ही कल्पना वेडगळ ठरविली आणि कागद बासनात गेले. ते पुन्हा बाहेर पडले ते मधल्या काही फसलेल्या प्रयत्नांनंतर, १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दक्षिणेत लक्षावधी माणसे गिळल्यावर. सरकारी दप्तरात एखादी योजना शहाणपणाची ठरावयास कित्येकदा असाच दुष्काळ पडावा लागतो.

१८८२ मध्ये नवा आराखडा करण्याचे काम जॉन पेनिक्विक या लष्करी इंजिनिअराकडे आले. हे पेनिक्विक जन्माने पुण्याचे. १८४१ च्या जानेवारीत त्यांचा तेथे जन्म झाला. वडील कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात लढलेले सेनाधिकारी. १८४९ मधील चिलियनवालाच्या लढाईत वडील पडले आणि त्याच रणांगणावर थोरला भाऊही पडला. हा धाकटा मुलगा मात्र इंजिनिअर झाला आणि त्याचे नाव बांधकामाशी जोडले गेले. त्यांची कल्पना सांगावयास सोपी होती. पश्चिमेकडे जाणारी नदी धरणाने अडवावयाची, तिचे पाणी डोंगरांच्या बेचक्यात उंच चढवावयाचे आणि घाटाच्या कण्यातून मैलाहून थोडा लांब बोगदा खोदून ते पूर्वेच्या उतारावर सोडून द्यावयाचे. धरणाची आणि तळ्याची जागा त्रावणकोर संस्थानची, पाणी न्यावयाचे ब्रिटिश मुलुखात; म्हणून २९ ऑक्टोबर १८८६ रोजी एक भाडेपट्टा झाला. सुमारे आठ हजार एकर जमीन, एकरी पाच रुपये वार्षिक भाडे आणि मुदत ९९९ वर्षांची. एवढ्या काळात चुना किती टिकेल, हा प्रश्न करार करणाऱ्यांपैकी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

बांधकाम १८८७ मध्ये सुरू झाले. जागा अशी की, वस्ती नाही, वाट नाही. हत्ती आणि हिवताप यांचेच राज्य. नदीचे पात्र कोरडे करण्यासाठी घातलेले तात्पुरते बांध पहिल्या हंगामांत पुरांनी उचलून नेले. चुनखडी पूर्वेकडील खोऱ्यातून तारेच्या दोरमार्गाने घाट चढवून आणावी लागे. तापाने माणसे इतकी पडत की, उन्हाळ्याचे महिने काम थांबवून छावणी उठवावी लागे. तरीही शेकडो मजूर आणि कामगार तेथेच दगावले आणि धरणाजवळच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. पेनिक्विक यांनी पत्नीची मालमत्ता विकून काम पुरे केले, अशी एक कथा कंबमच्या खोऱ्यात आजही सांगतात. ती कृतज्ञतेतून उपजलेली कथा आहे, तिला दप्तराचा दाखला मागण्यात अर्थ नाही. या खोऱ्यातील शेतकरी त्यांच्या जन्मदिनी, १५ जानेवारीस, त्यांच्या नावाने पोंगल साजरा करतात आणि मुलांना त्यांचे नाव ठेवतात, एवढे मात्र खरे.

आता धरणाच्या देहाकडे वळावयास हवे. कारण पुढील सारी चर्चा त्याच्याविषयीच आहे. लांबी सुमारे १२०० फूट. सर्वांत खोल पायापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत उंची १७६ फूट. माथ्यावर रुंदी अवघी १२ फूट, ती खाली वाढत जाऊन पायथ्याशी १४० फुटांच्या आसपास होते. पुढच्या आणि मागच्या बाजूस ओबडधोबड दगडांचे बांधकाम, आणि त्या दोन भिंतींच्या मध्ये चुना, सुरखी, वाळू आणि खडी यांचे कालवलेले काँक्रीट. धरणाच्या एकंदर आकारमानात या गाभ्याचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची पूड. चुन्याच्या घाणीत ती मिसळली की, चुना पाण्यातही घट्ट होतो. आपल्याकडील जुने वाडे आणि पूल याच मिश्रणाने उभे आहेत, तेव्हा ते कमकुवत म्हणून हिणविण्याचे कारण नाही. परंतु वाड्याच्या भिंतीवर पावसाळ्याचे चार महिने पाणी पडते. धरणाच्या भिंतीला ते वर्षाचे बारा महिने, रात्रंदिवस रेटीत असते.

असे धरण उभे राहते ते केवळ आपल्या वजनावर. पाणी त्याला आडवे ढकलते, त्याचे वजन त्याला जागेवर धरून ठेवते. हा हिशेब कसा मांडावा, याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच आणि ब्रिटिश पंडितांनी घडविले. त्यांतील ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांचे विवेचन तर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी दगडी धरण कसे बांधावे, या प्रश्नाच्या निमित्ताने लिहिले गेले होते. धरणाच्या पाणबाजूस दगडांच्या सांध्यांवर ताण येऊ देऊ नये, हा त्यांचा नियम. नियम बरोबर होता. परंतु त्या काळच्या हिशेबात एक गोष्ट सुटली होती. धरणात अडविलेले पाणी समोरून ढकलते तसे ते सूक्ष्म भेगांतून आणि पायाच्या खडकातून आत शिरते आणि धरणाला खालून वर उचलू पाहते. या वर उचलणाऱ्या दाबामुळे धरणाचे वजन तेवढ्यापुरते जणू हलके होते. ज्याच्या जडपणावर सारी मदार, तोच जडपणा पाणी आतून चोरीत असते.

बूझेच्या धरणाने हे शिकविले. ते १८८१ मध्ये पुरे झाले. १८८४ मध्ये तळे भरत आले असता त्याचा सुमारे १३५ मीटर लांबीचा भाग पुढे सरकला आणि भेगांतून पाणी उसळू लागले. धरण तेव्हा पडले नाही. तपासणी झाली, तळे रिकामे केले गेले आणि १८८८-८९ मध्ये पायथ्याशी भक्कम आधार बांधण्यात आला. पाणी पुन्हा भरले. आणि १८९५ मध्ये ते मोडले ते दुरुस्त केलेल्या पायथ्याशी नव्हे, त्याच्या वर. जखम जेथे दिसली, तेथे वैद्यांनी उपचार केले. रोग मात्र अंगभर होता. या अपघाताच्या चौकशीतून मॉरिस लेव्ही या फ्रेंच इंजिनिअराने आतल्या पाण्याच्या दाबाचा विचार धरणाच्या आखणीत असलाच पाहिजे, असे प्रतिपादन केले आणि पुढे सर्व देशांनी ते मान्य केले. पेरियारचे धरण तोवर बांधून झाले होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या धरणाची तपासणी म्हणजे नेमके काय, याचा उलगडा होतो. दगड निखळले का, चुना झिजला का, एवढेच पाहून ती संपत नाही. बांधणाऱ्याला जे ठाऊक नव्हते, ते आज ठाऊक झालेले असते. त्या नव्या ज्ञानाच्या उजेडात जुन्या हिशेबाची वही पुन्हा उघडावी लागते. यात बांधणाऱ्याची निंदा नसते. पेनिक्विक यांनी त्यांच्या काळचे उत्तमोत्तम शास्त्र वापरले. पण शास्त्र पुढे गेले आणि भिंत होती तेथेच राहिली.

दुसरी गोष्ट चुन्याची. डोंगरावरचे पावसाचे पाणी मृदू असते, त्यात क्षार फार थोडे. असे पाणी चुन्याच्या गाभ्यातून झिरपू लागले की, थोडा थोडा चुना विरघळवून बाहेर आणते. धरणाच्या मागच्या अंगावर, कोरड्या बाजूस, पांढरे ओघळ दिसू लागतात. पाझर हा सर्वच धरणांना असतो आणि त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही; प्रश्न असतो तो पाझर किती, स्वच्छ की गढूळ, आणि तळ्यातील पाणी तितक्याच उंचीला असताना गतवर्षीपेक्षा तो वाढला की घटला, याचा. पेरियारच्या धरणावर हे ओघळ दिसू लागल्यावर १९३० नंतरच्या वर्षांत त्यात भोके पाडून सिमेंटचे पाणी दाबाने भरण्यात आले. त्या वेळी सुमारे ४० टन सिमेंट गेले. १९६० मध्ये पुन्हा तसेच करण्यात आले, आणि या खेपेस सुमारे ५०० टन सिमेंट आत गेले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचता येतात. एवढे सिमेंट आत बसले म्हणजे धरण तितके घट्ट झाले, असे एक म्हणतो. एवढे सिमेंट मावण्याइतकी पोकळी आत होती, असे दुसरा म्हणतो. पुढे न्यायालयात झालेल्या युक्तिवादाचा बराचसा सारांश या दोन वाक्यांत येऊन जातो.

या धरणाची तपासणी अवघड होण्याची आणखी दोन कारणे त्याच्या रचनेतच आहेत. आजकालच्या मोठ्या धरणाच्या पोटात एक बोगदा ठेवलेला असतो; त्यातून हिंडत निरीक्षकाला आतून धरण पाहता येते. १८९५ च्या धरणास असे पोट नव्हते. आणि तळे रिकामे करून पाणबाजू पाहावी म्हटले, तर तेही शक्य नाही. पाणी पूर्वेकडे नेणारा मार्ग १०४ फुटांच्या पातळीवर आहे, त्याखालचे पाणी बाहेर काढावयास वाट नाही. म्हणजे जी बाजू सर्वांत अधिक सोसते, तिचा खालचा मोठा भाग धरण बांधल्यापासून कोणास कोरडा दिसलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला वेगळी धार आली. राज्यपुनर्रचनेनंतर धरण व तळे केरळच्या हद्दीत राहिले. धरणाची मालकी, देखभाल आणि पाणी तामिळनाडूकडे राहिले. १९७० मध्ये दोन्ही राज्यांनी करार नव्याने मान्य केला, भाडे वाढले, त्या पाण्यावर वीज करण्यास संमती मिळाली. ज्यांच्या शेताला पाणी मिळते ते एका राज्यातले आणि ज्यांच्या डोक्यावर पाणी उभे आहे ते दुसऱ्या राज्यातले, अशी ही वाटणी. वंडिपेरियारच्या चहामळ्यातला मजूर पावसाळी रात्री नदीचा आवाज ऐकत जागतो. तिकडे रामनाथपुरमचा शेतकरी आभाळाकडे पाहत जागतो. यांपैकी कोणाचीही भीती खोटी म्हणता येणार नाही.

याच सुमारास देशात इतरत्र घडलेल्या तीन घटनांनी धरणांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. महाराष्ट्राला त्यांतील दोन तरी सांगावयास नकोत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे अपुरे मातीचे धरण फुटले आणि त्याचा लोंढा खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळला. कर्नल फाइफ यांच्या देखरेखीखाली बांधलेले, १८७९ पासून पुण्याला पाणी देणारे ते धरण स्वतः काही सदोष नव्हते. पण त्याच्या माथ्यावरून कधी एवढे पाणी जाईल, हे त्याच्या हिशेबात नव्हते. तेही फुटले आणि पुण्याचे काय झाले, ते सर्वांस ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, धरणाला भेगा पडल्या, आणि दख्खनचा खडक अचल आहे हा पिढ्यांचा समज त्या एका पहाटे गेला. तिसरी घटना सौराष्ट्रातली. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू नदीवरील दुसऱ्या क्रमांकाच्या धरणाचे मातीचे बांध पाण्याखाली जाऊन वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले. त्या धरणाचा सांडवा जेवढे पाणी सोडू शकत होता, त्याच्या दुपटीहून कितीतरी अधिक पूर त्या दिवशी आला होता. दगडी सांडवा शाबूत उभा राहिला. त्याच्या दोन्ही बाजूंचे धरण मात्र नाहीसे झाले.

मोरबीच्या बातमीने केरळात खळबळ उडाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय जल आयोगाचे अध्यक्ष डॉ. के. सी. थॉमस यांनी दोन्ही राज्यांच्या इंजिनिअरांसह पेरियारच्या धरणाची पाहणी केली. या पाहणीचे महत्त्व असे की, तीत केवळ दोष नोंदवून थांबणे झाले नाही. तातडीचे, मध्यम मुदतीचे आणि दीर्घ मुदतीचे असे उपाय ठरविण्यात आले. तातडीचा उपाय म्हणजे तळ्याची पातळी १५२ फुटांवरून १३६ फुटांवर आणणे आणि धरणाच्या माथ्यावर प्रबलित काँक्रीटची जाड टोपी बसवून त्याचे वजन वाढविणे. दुसरा उपाय अधिक धाडसी होता. धरणाच्या माथ्यापासून खाली, त्याचे सारे शरीर भेदून, पायाच्या खडकात खोलवर भोके पाडावयाची आणि त्यांत पोलादी तारांचे जुडगे ओवून ते ताणून घट्ट बांधावयाचे. असे ९५ जुडगे बसविण्यात आले; प्रत्येकावर १२० टनांचा ताण. वजनावर उभ्या असलेल्या भिंतीला अशा रीतीने जमिनीशी शिवण्यात आले. तिसरा उपाय म्हणजे मागच्या बाजूस पायथ्यापासून नव्या काँक्रीटचा आधार, आणि त्या आधारात पाझराचे पाणी गोळा करणारा बोगदा. जन्मतः नसलेले पोट धरणाला वयाच्या नव्वदीत मिळाले.

जुन्या चुन्याला नवे काँक्रीट चिकटविणे हे काम दिसते तितके सरळ नाही. दोहोंची ताठरता वेगळी, उष्णतेने फुगण्याचे प्रमाण वेगळे, वय वेगळे. दोन्ही मिळून एक धरण झाले की एकापाठीमागे एक अशी दोन धरणे उभी राहिली, ही शंका घेणाऱ्यांना मूर्ख म्हणता येत नाही. ही जोडणी नीट धरून आहे की नाही, हे पाहणे तेव्हापासून प्रत्येक परीक्षेचा भाग होऊन बसले.

आता सांडव्याकडे. सामान्य माणूस धरण पाहावयास जातो तेव्हा भिंत पाहतो. जाणकार निरीक्षक आधी सांडवा पाहतो. कारण दगडी भिंत म्हातारपणाने क्वचित पडते. पुराचे पाणी वेळेवर बाहेर गेले नाही, तर कालची नवी भिंतही धोक्यात येते. पेरियारचा सांडवा मुख्य धरणापासून बाजूला, डोंगराच्या खिंडीत आहे. त्याचा उंबरठा १३६ फुटांच्या पातळीवर आणि त्यावर सोळा फूट उंचीचे दरवाजे. म्हणजे दरवाजे पूर्ण बंद केले की, तळे १५२ फुटांपर्यंत भरावे. १९७९ मध्ये १३६ हाच आकडा का निवडला, याचे उत्तर या उंबरठ्यात आहे. दरवाजे उघडे ठेवले की, पाणी त्यावर साठूच शकत नाही; माणसाच्या हाताने चुकण्यासारखे काही राहत नाही. पुढे वर्तमानपत्रांतून आणि सभांतून हा आकडा जणू एखाद्या राज्याचा मानबिंदू झाला, तेव्हा तो मूळचा एका दगडी उंबरठ्याची उंची आहे, याचे विस्मरण झाले.

मूळ सांडव्यास दहा दरवाजे होते. पेनिक्विक यांच्या वेळी त्या अरण्यातील पावसाच्या नोंदी थोड्याच वर्षांच्या असणार. त्यांवरून पुराचा अंदाज बांधावयाचा होता. शंभर वर्षांच्या नोंदी आणि वादळांचे नवे शास्त्र हाती आल्यावर केंद्रीय जल आयोगाने कल्पनीय सर्वांत मोठा पूर सेकंदास २,१२,००० घनफूट धरला. हा पूर एकदम बाहेर सोडावा लागत नाही. तळे स्वतः त्याचा काही भाग पोटात घेते आणि उरलेला हळूहळू सांडव्यातून जातो. पण त्यासाठी वाट पुरेशी हवी, म्हणून मजबुतीच्या कामांत आणखी तीन दरवाजे करण्यात आले आणि ते एकंदर तेरा झाले. तेरापैकी तेरा दरवाजे त्या रात्री उचलले जातील, हे गृहीत धरूनच हिशेब बसतो. मोरबीच्या धरणावर ऐन वेळी काही दरवाजे उघडताच आले नव्हते. म्हणून निरीक्षक पावसाळ्यापूर्वी प्रत्येक दरवाजा प्रत्यक्ष उचलून दाखवावयास सांगतो. गंज कोठे धरला, रबराची पट्टी कोठे फाटली, दोर किंवा साखळी अडखळते का, वीज गेली तर डिझेलचे यंत्र सुरू होते का, आणि तेही बंद पडले तर हाताने दरवाजा उचलण्यास माणसे किती व वेळ किती लागतो, हे सर्व तो पाहतो. सांडव्याखाली पाणी जेथे कोसळते तेथील खडक किती खरवडला, हे पावसाळ्यानंतर पाहावयाचे. काम रुक्ष आहे. त्याचे वृत्त कोणी छापीत नाही.

मजबुतीची मुख्य कामे १९९४ च्या सुमारास पुरी झाली आणि मग वाद कचेरीतून न्यायालयात गेला. धरण आता भक्कम झाले, तेव्हा पातळी पूर्ववत् वाढवू द्यावी, हे तामिळनाडूचे म्हणणे. धरणाचे आयुष्यच संपले आहे, ते पाडून खाली नवे बांधावे, हे केरळचे. २७ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १४२ फुटांपर्यंत पाणी भरण्यास परवानगी दिली. पुढच्याच महिन्यात केरळच्या विधानसभेने कायदा करून ते १३६ वर रोखले. २०१० मध्ये न्यायालयाने माजी सरन्यायाधीश आनंद यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तीत न्यायाधीशांच्या जोडीला दोन तंत्रज्ञ होते. त्यांपैकी एक डॉ. सी. डी. थत्ते. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत् संशोधन केंद्राचाही तिच्या तपासण्यांत हातभार होता. जेथे १९६१ चा लोंढा आला, त्या परिसरातील संस्थेने केरळातील धरण तपासावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

समितीने धरणातून नमुने काढले, पूर, बांधकाम आणि भूकंप अशा तिन्ही दृष्टींनी हिशेब पुन्हा मांडले, आणि २०१२ मध्ये अहवाल दिला की, धरण या तिन्ही कसोट्यांना उतरते. ७ मे २०१४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो मान्य केला, केरळचा २००६ चा निर्बंध रद्द ठरविला आणि धरणावर देखरेख करण्यासाठी केंद्राचा एक व दोन्ही राज्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असलेली समिती नेमली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पस्तीस वर्षांनंतर प्रथमच, तळे १४२ फुटांना लागले.

केरळच्या शंकांचे येथे पूर्ण निरसन झाले, असे म्हणणे धाडसाचे होईल. धरण कोसळलेच तर खाली इडुक्कीचा प्रचंड जलाशय तो लोंढा सामावून घेईल, हे उत्तर खालच्या खोऱ्यात राहणाऱ्यास पटत नाही. आणि पानशेत-खडकवासला पाहिलेल्यांनी त्याला दोष देऊ नये. मधल्या नदीकाठावरील गावांचे काय, हा प्रश्न तर त्याहून आधीचा आहे. उलट, तपासणीचे निष्कर्ष आपल्या भीतीशी जुळले नाहीत म्हणून तपासणीच खोटी, असे म्हणू लागल्यास कोणत्याच धरणाविषयी काहीच ठरविता येणार नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळावर महापूर कोसळला, तळे १४२ पर्यंत चढले, आणि सर्वोच्च न्यायालयाने महिनाअखेरपर्यंत पातळी १३९.९९ फुटांच्या आत ठेवण्यास सांगितले. त्या दोन-अडीच फुटांची वर्तमानपत्रांत बरीच थट्टा झाली असेल. पण पुराच्या रात्री तळ्यात तेवढी मोकळी जागा असणे म्हणजे खालच्या माणसांना काही तास मिळणे होय.

२०२१ मध्ये संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. देशातील मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तपासणी करणे त्याने बंधनकारक झाले. शंभरी ओलांडलेली दोनशेहून अधिक मोठी धरणे या देशात आहेत, हे पाहता कायदा उशिराच आला. ८ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील राष्ट्रीय प्राधिकरणाचे अधिकार तूर्त पेरियारच्या देखरेख समितीस दिले आणि दोन्ही राज्यांचा एकेक तांत्रिक तज्ज्ञ तीत वाढविला.

तपासणीसाठी येणारे अधिकारी बहुधा तेक्कडीहून नावेने धरणावर येतात. मूळचे अरण्य बुडून झालेले ते तळे; त्यात त्या वेळच्या झाडांचे काळे बुंधे अजून पाण्याबाहेर डोकावतात. प्रथम मुख्य धरण, मग त्याच्या शेजारचे छोटे धरण, मग सांडवा. दरवाजे वर-खाली करून पाहिले जातात. शेवटी सर्वजण मजबुतीच्या वेळी केलेल्या बोगद्यात उतरतात. तेथे भिंतीतून गोळा झालेला पाझर एका पन्हाळीतून वाहत येतो आणि पत्र्यात कापलेल्या त्रिकोणी खाचेवरून पलीकडे पडतो. खाचेतील पाण्याची उंची पट्टीवर मोजतात, तिच्यावरून मिनिटाला किती लिटर पाणी झिरपते याचा आकडा काढतात, त्याच्यापुढे तळ्याची त्या दिवसाची पातळी लिहितात, आणि मागची नोंद काढून दोन्ही राज्यांचे इंजिनिअर तो आकडा तिच्याशी ताडून पाहतात.